बीएस्सी मॅथ्स करायचं की नाही: फी बघू नका, वर्षं मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारावी सायन्स पास झाली, गणितात १०० पैकी ९१, पण सीईटीला ७८ पर्सेंटाइल, त्यामुळे इंजिनिअरिंगला हवं ते कॉलेज मिळत नाहीये, जे मिळतंय तिथे वर्षाला १ लाख ६० हजार फी सांगतायत. मुलगी म्हणते मला बीएस्सी मॅथ्स करायचंय, ठाण्यातच कॉलेज आहे, फी दहा हजारांच्या आतबाहेर. तुम्ही रबाळे एमआयडीसीत नोकरी करता, कळव्याला घराचा हप्ता चालू आहे, आणि तुमचा सरळ प्रश्न असा की गणितात डिग्री करून पोट भरतं का, की तीन वर्षं वाया.

आधी माझं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी स्वतः ठाण्यात बीएस्सी मॅथ्स केलं, मग कलिना कॅम्पसला एमएस्सी, मग सहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं विम्याच्या क्षेत्रात प्रायसिंगचं, म्हणजे प्रीमियम किती लावायचा ते ठरवण्याचं काम करते, ऑफिस ऐरोलीला. दर वर्षी आमच्या टीमसाठी नवीन मुलांचे इंटरव्ह्यू मी घेते, त्यात बीएस्सी-एमएस्सी मॅथ्सवाली पोरं बरीच असतात. म्हणजे डिग्री घेणारी, शिकवणारी आणि ती डिग्री असलेल्यांना नोकरी देणारी, तिन्ही बाजूंनी मी हे बघितलंय.

तुम्ही फीची तुलना केलीत ती बरोबर आहे पण अर्धीच आहे. इंजिनिअरिंगचे चार वर्षांचे ६ लाख ४० हजार फी, वर लॅपटॉप, प्रवास, पुस्तकं धरून समजा ८ लाखांचं कर्ज काढलं. १० टक्के व्याज, ७ वर्षांत फेड, तर हप्ता येतो साधारण १३,२८० रुपये महिना, आणि एकूण भरायचे ११ लाख १५ हजारांच्या आसपास, शिकत असतानाच्या चार वर्षांचं व्याज वेगळं. आता मधल्या दर्जाच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला पहिली नोकरी पंचवीस-तीस हजारांची लागली तर त्यातले तेरा हजार हप्त्यात, मग ठाणे-ऐरोली पास, डबा, घरी द्यायचे... उरतं काय ते तुम्हीच बघा. चांगलं कॉलेज मिळालं असतं तर मी वेगळं बोलले असते, तिथे कॅम्पसला कंपन्या येतात आणि पैसे वसूल होतात. पण नुसतं "इंजिनिअर" म्हणवण्यासाठी कुठल्याही कॉलेजात ८ लाख घालायचे, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

मात्र बीएस्सी स्वस्त आहे म्हणून फायद्याचं, असंही समजू नका. गणिताच्या डिग्रीची खरी किंमत फीमध्ये नसतेच, ती वर्षांमध्ये असते. फी तीन वर्षांत तीस-चाळीस हजार जाईल, ती तुम्ही दिवाळीच्या बोनसमधून भराल. पण तीन वर्षं झाली, पुढे काय माहीत नाही म्हणून एमएस्सीला घातलं, दोन वर्षं गेली, पुढे काय माहीत नाही म्हणून बीएड, आणखी दोन, मग नेट-सेटचा, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या पात्रता परीक्षांचा अभ्यास, एक-दोन अटेम्प्ट, आणि मुलगी सत्तावीस वर्षांची होते आणि हातात पहिला नीट पगार नाही. हे मी एकीकडे नाही, दहा-बारा घरांत बघितलंय, माझ्याच बॅचच्या तिघी अशा आहेत, हुशार, अतिशय हुशार मुली. त्यांनी काही चुकीचं केलं नाही, फक्त प्रत्येक वळणावर "आता पुढचं शिक्षण" हेच उत्तर निवडलं कारण दुसरं कोणी सांगितलंच नाही.

हिशोब करून दाखवते, कारण गणितवालेच हा हिशोब करत नाहीत हे बघून मला वाईट वाटतं. समजा मुलीला बीएस्सीनंतर २५,००० ची नोकरी मिळत होती, ती सोडून एमएस्सी केलं. दोन वर्षांचे बुडाले ६ लाख, फी-प्रवास धरा ५० हजार, झाले साडेसहा लाख. एमएस्सीमुळे पगार महिना १०,००० ने वाढला तर वर्षाला १ लाख २० हजार जास्त, म्हणजे साडेपाच वर्षांत वसूल. त्याच पैशावर ८ टक्के व्याज धरलं तर साधारण साडेसात वर्षं. ठीक आहे, चालेल. पण एमएस्सीमुळे पगार फक्त ५,००० ने वाढला तर? साडेसहा लाखांवर ८ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच ५२,००० होतं आणि जास्तीची कमाई ६०,०००, म्हणजे पहिल्या वर्षी मुद्दलातले फक्त आठ हजार फिटले. असं करत करत वसूल व्हायला २६ वर्षं लागतात. पगारातला फरक निम्मा झाला आणि मुदत साडेतीन पट झाली. म्हणून एमएस्सी कुठून करते आणि त्यानंतर नेमकं काय करणार हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, "बघू" चालत नाही.

आता कमाईचं. नुसती बीएस्सी मॅथ्स, बाकी काही नाही, तर काय मिळतं? बीपीओ-केपीओमध्ये, बँकेच्या बॅक ऑफिसला, क्लासमध्ये पेपर तपासायला, हातात अठरा-वीस-बावीस हजार. आयटी कंपन्या बीएस्सीवाल्यांना घेतात, त्यासाठी विप्रोची विल्प योजना आहे, टीसीएसची इग्नाइट आहे, विल्पमध्ये नोकरी करता करता एमटेकही होतं, पगार इंजिनिअरपेक्षा कमी पण शिक्षणाचा खर्च कंपनीचा, त्यामुळे ज्या घरात लगेच कमावणं गरजेचं आहे त्यांच्यासाठी हा रस्ता मला चांगला वाटतो. पण त्या डिग्रीवर "हिला गणित येतं" म्हणून कोणी जास्तीचे पैसे देत नाही. पैसे कशाला देतात ते इंटरव्ह्यूमधल्या एका प्रश्नावरून सांगते.

मी पोरांना विचारते, एक हजार माणसांचा विमा काढलाय, प्रत्येकाला वर्षात क्लेम येण्याची शक्यता २ टक्के, क्लेम आला तर १ लाख द्यायचे, प्रीमियम किती लावशील? बहुतेक सगळे लगेच सांगतात, २,०००. बरोबर, सरासरी वीस क्लेम, वीस लाख. मग मी विचारते, दोन हजार लावलेस आणि कंपनी बुडली तर? इथे नव्वद टक्के मार्कवाली पोरं गप्प होतात. ज्याने स्टॅटिस्टिक्स मन लावून केलंय तो कागद ओढतो, हजार गुणिले ०.०२ गुणिले ०.९८, त्याचं वर्गमूळ काढतो, साधारण ४.४ येतं, वाईट वर्षासाठी त्याची दुप्पट धरतो, म्हणजे क्लेम वीसच्या जागी एकोणतीस होऊ शकतात, पंचेचाळीस टक्के जास्त, वीस लाख जमवून एकोणतीस लाख द्यायचे. मग मी म्हणते, आता हजारच्या जागी एक लाख माणसं घे. पुन्हा तोच हिशोब, सरासरी क्लेम दोन हजार, वाईट वर्षी जास्तीचे नव्वदच्या आत, म्हणजे फक्त साडेचार टक्के. "मॅडम, म्हणजे माणसं जास्त असली की प्रीमियम स्वस्त ठेवता येतो!" हे वाक्य मागच्या वर्षी दिव्याहून येणारी एक मुलगी बोलली, साधी बीएस्सी, इंग्लिश अडखळत होतं, पण हे तिने स्वतः शोधलं त्या टेबलावर बसून. तिला आम्ही घेतलं. तिच्या आधी एमएस्सीवाला होता, त्याला बोल्झानो-वायरस्ट्रासचा अवघड सिद्धांत पाठ होता, पण हा हिशोब सुरूच करता आला नाही.

म्हणजे सिद्धता फुकट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या मुलीने जे केलं, एक गोष्ट बदलून काय होतं ते बघायचं, ही सवय तिला सिद्धता लिहूनच लागली असणार, ती सवय तीन महिन्यांच्या कोर्सने येत नाही. पण सवयीला कशाला तरी जोडावं लागतं. स्टॅट्सला, कोडिंगला, नाहीतर एखाद्या परीक्षेला.

परीक्षेचं म्हणाल तर ॲक्च्युअरीचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, आपल्याकडे बऱ्याच पालकांना माहीतच नाही, आणि गंमत म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं ऑफिस तुमच्या घरापासून ट्रेनने तासाभरावर आहे, सीवूड्स स्टेशनवर जी ग्रँड सेंट्रलची मोठी बिल्डिंग आहे तिथे. विमा, पेन्शन, यातली जोखीम मोजणारा माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. बारावीनंतरच एसीईटी नावाची प्रवेश परीक्षा देता येते, त्यात गणित, स्टॅट्स, आकडेवारी, इंग्लिश, रीझनिंग. ती पास झाली की एकेक पेपर द्यायचे, शिकत शिकत किंवा नोकरी करत करत, घरी अभ्यास करून. फेलो, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी व्हायला तेरा पेपर आहेत आणि त्यात वर्षं जातात, सात-आठ वर्षं सहज, आणि एकेका पेपरची फी हजारांत आहे, नापास झालं की पुन्हा भरायची. मी स्वतः पाच पेपर दिले, मग मुलगा लहान होता, थांबले. पण त्या पाच पेपरांनीच मला तासिकेवरून या नोकरीत आणलं. आमच्याकडे ताजी बीएस्सी आणि तीन-चार पेपर झालेली मुलगी यांच्या सुरुवातीच्या पगारात दुपटीचा फरक मी पाहिलाय, एकच कॉलेज, एकच बॅच असून. पहिल्या पेपरांमध्ये सीएस१ म्हणजे स्टॅटिस्टिक्स, त्यात आर नावाच्या भाषेत कॉम्प्युटरवर पेपर सोडवायचा असतो, आणि सीएम१ म्हणजे ॲक्च्युअरीचं गणित, त्यात एक्सेलवर, त्यामुळे दोन्ही कामं आपोआप हाताला लागतात. कोणी क्लासवाला "दोन वर्षांत ॲक्च्युअरी" म्हणाला तर तिथून उठून या.

दुसरं मोठं दार जॅम परीक्षेचं. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. मॅथ्सचा वेगळा पेपर, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा. त्यातून आयआयटीत एमएस्सी मिळतं, आपल्या पवईतसुद्धा. वरच्या हिशोबात मी म्हटलं ना एमएस्सी कुठून केलं त्यावर सगळं आहे, ते हेच. जॅमने आयआयटीला गेलेली मुलगी डेटा सायन्स, बँकांची रिस्क टीम, पीएचडी, काहीही करू शकते, तिच्या बाबतीत ती दोन वर्षं साडेसात नाही, तीन-चार वर्षांत वसूल होतात. पण जॅमचा अभ्यास टीवायच्या दिवाळीत सुरू करून होत नाही, लिनिअर अल्जेब्रा आणि रिअल ॲनालिसिस एसवायपासूनच पक्कं लागतं. इथे एमटीटीएस म्हणून मे-जूनमध्ये चार आठवड्यांचं शिबिर असतं देशभरातल्या बीएस्सीच्या मुलांसाठी, १९९३ पासून चालू आहे, प्राध्यापक कुमारेसन यांनी सुरू केलं, ते आमच्या कलिनाच्या डिपार्टमेंटलाच शिकवायचे. निवड झाली तर डोळे झाकून पाठवा. आमच्या कॉलेजची एक मुलगी तिथे जाऊन आली आणि म्हणाली मॅडम, चार आठवड्यांत कोणीच मला उत्तर सांगितलं नाही, सगळं आमच्याकडूनच काढून घेतलं. ती आता पीएचडी करतेय.

एमसीए पण आहे, आता दोनच वर्षांचं असतं, सीईटीने किंवा एनआयटीसाठी निमसेट देऊन. कोडिंग आवडत असेल तर इंजिनिअरिंगचे चार आणि बीएस्सी अधिक एमसीएचे पाच, एका वर्षाचाच फरक पडतो आणि खर्च बऱ्यापैकी कमी. बँक पीओ, एमपीएससी हे कुठल्याही डिग्रीवर होतं, गणिताने त्यातला एक भाग सोपा जातो इतकंच.

शिकवण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण तुम्ही लिहिलंय "मुलगी आहे, टीचर झाली तरी बरं". दादा, हे वाक्य मला माझ्या वडिलांनीही ऐकवलं होतं. शिकवणं हे मी सगळ्यात जास्त प्रेमाने केलेलं काम आहे, अजूनही स्वप्नात फळा येतो. पण पैशाचं खरं बोलायचं तर, कॉलेजात कायमची असिस्टंट प्रोफेसर झाली तर मूळ पगारच ५७,७०० पासून, वर भत्ते, अतिशय चांगलं. त्यासाठी एमएस्सी आणि नेट किंवा सेट लागतं. आणि सगळं असूनही कायमच्या जागा निघत नाहीत, वर्षानुवर्षं तासिकेवर लोक काम करतात. मी जिथे होते तिथे तासांचं मानधन एकदा आठ महिन्यांनी हातात आलं, ते आठ महिने मी संध्याकाळी नौपाड्यात क्लास घेऊन काढले. शाळेत जायचं तर बीएड, मग आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, भरतीची टेट परीक्षा, पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल, आणि निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून माध्यमिकला १८,००० मानधन, २०२३ च्या आधी तर ते ८,००० च होतं. शिक्षकी पेशा सोपा म्हणून मुलीला तिकडे ढकलू नका. तिला शिकवायची ओढ असेल तर जरूर जाऊ दे, आणि मग जेआरएफचं, म्हणजे नेटमध्ये वरचे मार्क पडले की संशोधनासाठी मिळणाऱ्या फेलोशिपचं ध्येय ठेवायला सांगा, त्यात महिना ३७,००० मिळतात, वर घरभाडं, म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत.

खाजगी क्लासचं पण सांगते. माझ्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत एक ताई नववी-दहावीच्या चौदा मुलांना घरीच गणित शिकवते, प्रत्येकी दीड हजार, महिना २१ हजार झाले, संध्याकाळचे तीन तास. वाईट नाही. पण मुलं वाढली तरच ते वाढतं, पीएफ नाही, आणि मे महिना कोरडा.

तर तुमच्या मुलीसाठी मी काय करीन. बीएस्सी घेतलं तर मेजर मॅथ्स आणि मायनर स्टॅटिस्टिक्स, जिथे हे कॉम्बिनेशन मिळतं तेच कॉलेज, मग ते ठाण्यात असो, मुलुंडला की वाशीला. नवीन धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, हे तिला आत्ताच माहीत असू द्या. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येत असेल तर इन्स्पायर स्कॉलरशिप, वर्षाला ८० हजार, बेसिक सायन्स आणि गणित घेणाऱ्यांसाठीच आहे, कटऑफ लगेच बघा. महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर फॉर्म भरा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसील ऑफिसला जुलैत फार गर्दी होते. एफवायच्या सुट्टीत पायथन, रोज एक तास, यूट्यूबवरून सुद्धा चालेल. एसवायच्या शेवटी तिने ठरवायचं, ॲक्च्युअरी, जॅम, एमसीए की नोकरी, आणि ते एका कागदावर लिहून फ्रिजला लावायचं. टीवाय सुरू झाल्यावर ठरवायला बसलात तर त्या वर्षीची जॅम हातातून जाईल आणि एक वर्ष उगाच वाढेल.

आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट बघा, कारण बारावीचं गणित आणि डिग्रीचं गणित यांचा संबंध फार थोडा आहे. बारावीत उत्तर काढायचं असतं, एफवायला आल्यावर पहिल्याच महिन्यात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या येते आणि ते का खरं हे लिहायचं असतं, ९१ मार्कवाली पोरं तिथे रडतात आणि काहींना केटी लागते. तिला सांगा, २ चं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही याची सिद्धता शाळेच्या पुस्तकातून काढ आणि नीट लिही. अंशाचा वर्ग सम, म्हणून अंश सम, म्हणून छेदही सम, पण आपण तर सामाईक अवयव नाही असं धरलं होतं, विसंगती. झालं? मग सांगा, आता २ च्या जागी ४ घाल आणि तीच सिद्धता पुन्हा लिही. ४ चं वर्गमूळ तर सरळ २ आहे, मग सिद्धता कुठेतरी मोडलीच पाहिजे. कुठल्या ओळीत मोडते?

उत्तर तिला सांगू नका, मीही इथे लिहीत नाही. ती कागद घेऊन जेवायची हाक आली तरी उठली नाही, रात्री पुन्हा काढून बसली, तर निर्धास्त ॲडमिशन घ्या, पुढचं आपण बघू, मला विचारा, मी आहे. दहा मिनिटांत "बाबा, हे परीक्षेत येतं का?" म्हणाली तर बीकॉम, बीएस्सी आयटी, डेटा सायन्सचे कोर्स सगळे अजून उघडे आहेत, आणि ते वाईट नाहीत. मेरिट लिस्टच्या तारखा कॉलेजच्या वेबसाइटवर रोज बघत राहा, दुसऱ्या लिस्टनंतर स्टॅट्सच्या सीट पटकन संपतात.